विज्ञानकथेचा सहृदय वाचक

मराठी विज्ञान परिषदेने १९७४ साली घेतलेल्या विज्ञानरंजन कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. या नावाची आद्याक्षरे उलट्या क्रमाने वाचली की ती जयंत विष्णू नारळीकर यांची होतात, हे पुढे उघड झाले. परीक्षकांना हस्ताक्षरावरूनही ओळख पटू नये म्हणून कथेची प्रत मंगलाबाई नारळीकरांनी आपल्या हाताने केली होती. २० मे २०२५ रोजी पुण्यात नारळीकरांचे निधन झाले, तेव्हा हा किस्सा पुन्हा अनेकांनी सांगितला. त्यातील मिस्कीलपणा कोणालाही आवडेल असाच आहे. परंतु आम्हांला त्यात आणखी काही दिसते. ज्याच्या नावाला जगभर मान होता अशा शास्त्रज्ञाला मराठी वाचकापुढे अनोळखी माणूस म्हणून उभे राहावेसे वाटले. आपली कथा केवळ कथा म्हणून कोणाला रुचते काय, हे त्याला पाहावयाचे होते. आपल्या जुन्या काव्यशास्त्राने ज्याला ‘सहृदय’ म्हटले, त्याचा हा शोध होता.

तो वाचक नारळीकरांना मिळाला, यात शंका नाही. ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह १९७९ मध्ये आला आणि विज्ञानकथा हा प्रकार मराठीत प्रतिष्ठित झाला. त्यापूर्वी तो नव्हता असे नाही. १९०० च्या सुमारास ‘केरळ कोकिळ’ मासिकातून ज्यूल व्हर्नची चंद्रयात्रा मराठीत अवतरली होती, श्री. बा. रानडे यांची ‘तारेचे हास्य’ ही कथा विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातली; आणि भा. रा. भागवतांनी व्हर्नची रूपांतरे करून दोन पिढ्यांतील मुलांना वेड लावले. पण प्रौढ वाचकाने गंभीरपणे हाती घ्यावा असा हा प्रकार आहे, ही मान्यता नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, शुभदा गोगटे यांच्या लेखनाने मिळवली. साहित्य संमेलनाच्या इतिहासात एक योग असा जुळून आला, की २०२० च्या जानेवारीत उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथील त्र्याण्णवाव्या संमेलनाचे अध्यक्षपद एका कॅथलिक धर्मगुरूने, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी, भूषवले आणि त्यानंतरच्या, डिसेंबर २०२१ मधील नाशिकच्या संमेलनासाठी विज्ञानकथाकार नारळीकरांची निवड झाली. मराठी साहित्याच्या मध्यवर्ती ओसरीवर जे दोन पाहुणे बराच काळ दाराशी उभे होते, ते असे एकामागून एक आत आले. (जाता जाता एक गोष्ट सांगावीशी वाटते. विश्वाचा आरंभ महास्फोटातून झाला या सिद्धान्ताचे जनकत्व ज्यांच्याकडे जाते ते जॉर्ज लमेत्र हे बेल्जियममधील कॅथलिक धर्मगुरू होते. आणि फ्रेड हॉएल यांचे शिष्य नारळीकर हे त्या सिद्धान्ताचे आयुष्यभराचे टीकाकार. धर्मगुरू आरंभाच्या बाजूने आणि विज्ञानकथाकार अनादि विश्वाच्या बाजूने, असा हा वाद होता. आणि तो दोन्हीकडून गणिताच्या भाषेत लढवला गेला.)

मग प्रश्न उरतो तो वाचकाचा. नारळीकरांना जो वाचक भेटला, तो कोण होता?

त्यांच्या कथा पुन्हा वाचताना या वाचकाचे चित्र सहज उभे राहते. ‘उजव्या सोंडेचा गणपती’ ही कथा घ्या. डावे-उजवे यांची अदलाबदल ही भूमितीतील एक अवघड कल्पना. ती समजावून देण्यासाठी लेखक क्रिकेटचा सामना आणि घरातील गणपतीची मूर्ती यांचा आधार घेतो. मराठी मध्यमवर्गीय घरातील देव्हाऱ्यावरून विश्वाच्या चौथ्या मितीकडे इतक्या सहजतेने नेणारी दुसरी कथा आमच्या वाचनात नाही. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत मराठे पानिपत जिंकले असते तर काय झाले असते, हा प्रत्येक मराठी माणसाने एकदा तरी मनाशी केलेला विचार पुंजयांत्रिकीच्या आधाराने उभा केला आहे. इंग्रजीत ती शालेय पाठ्यपुस्तकातही गेली. या कथांचा वाचक शिकलेला आहे, इतिहासाचा अभिमानी आहे, क्रिकेटचा शौकीन आहे, कुतूहल बाळगून आहे आणि आपल्याला काही शिकवले जात आहे याचा त्याला आनंद आहे. लेखक त्याच्याशी वडीलधाऱ्या पण खेळकर शिक्षकासारखा बोलतो. हे नाते प्रामाणिक आहे, आणि त्यातूनच या कथांचा प्रसन्नपणा आला आहे, असे आमचे मत आहे.

मात्र या नात्याची एक मर्यादाही आहे. मराठी विज्ञानकथेचा नायक बहुधा शास्त्रज्ञ, प्राध्यापक, डॉक्टर अथवा उच्च अधिकारी असतो. घटना घडतात त्या प्रयोगशाळेत, परिषदेत, मंत्रालयात, विमानात. ज्यांच्या हातून यंत्र प्रत्यक्ष चालते ती माणसे कथेत आली तर दार उघडण्यापुरती किंवा अचंबित होण्यापुरती येतात. अपवाद असतील, नियम हा आहे.

पिंपरी-चिंचवडमध्ये राहून वाचणाऱ्यास ही मर्यादा अधिक जाणवते. येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पेनिसिलिनचा कारखाना माळरानावर उभा राहिला. पुढे १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ आले. टेल्को आणि बजाज यांच्यामागून शेकडो लहान वर्कशॉपे आली. भोसरी, आकुर्डी, तळवडे भरत गेले आणि मग उद्योगाची लाट इंद्रायणी ओलांडून चाकणकडे सरकली. तेथे फोक्सवॅगनचा कारखाना २००९ साली सुरू झाला. आज या पट्ट्यात मोटारीचा सांगाडा जोडणारे रोबोट पाहिलेली माणसे जितकी आहेत, तितकी महाराष्ट्राच्या दुसऱ्या कोणत्या भागात असतील असे वाटत नाही. आपल्या धर्मग्रामांतूनही ती आहेत. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर), जालना, छत्रपती संभाजीनगर या भागांतून आलेली कुटुंबे, त्यांच्या शेजारी केरळ, गोवा आणि तमिळनाडूतून आलेली. रविवारी मिस्सेला येतात, सोमवारी पहिल्या शिफ्टला जातात. विज्ञानकथेला ज्या गोष्टींची कल्पना करावी लागते, त्यांतील काही या मंडळींनी आठ-आठ तास शेजारी उभे राहून अनुभवल्या आहेत. असे असून विज्ञानकथेने त्यांना आपला वाचक मानल्याचे दिसत नाही.

याची खूण एका शब्दात सापडते. मराठी लेखकांनी रोबोटला ‘यंत्रमानव’ म्हटले. शब्द सुबक आहे, संस्कृत घडणीचा आहे आणि लाईनवर तो कोणीही वापरत नाही. तेथे रोबो किंवा रोबोटच म्हणतात. गंमत अशी की लाईनवरचा शब्द मूळ अर्थाच्या अधिक जवळ आहे. चेक लेखक कारेल चापेक यांच्या १९२० सालच्या ‘आर. यू. आर.’ या नाटकातून तो जगभर गेला, आणि चेक भाषेत ‘रोबोता’ म्हणजे जमीनदारासाठी करावी लागणारी सक्तीची मजुरी, आपल्याकडची वेठ. चापेकने माणसासारखे यंत्र रंगमंचावर आणले तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे वेठबिगार होता. ‘यंत्रमानव’ या शब्दात यंत्र आहे, मानव आहे, फक्त वेठ गळून गेली आहे. एखादा पारिभाषिक शब्द घडवताना काय वगळले जाते, याचे याहून बोलके उदाहरण आम्हांला ठाऊक नाही.

ही गळून गेलेली वेठ ज्यांनी पुन्हा कथेत आणली, अशा एका साहित्याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. अमेरिकेत मेक्सिकन वंशाच्या ज्या लोकांनी स्वतःला अभिमानाने ‘चिकानो’ म्हणवून घेतले, त्यांची ही विज्ञानकथा. मराठीला अमेरिकेतील वंचितांचे साहित्य अपरिचित नाही. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नावच तिकडील कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून घेतले, आणि जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी कृष्णवर्णीय साहित्याची मराठीत ओळख करून दिली. चिकानो मात्र आपल्याकडे फारसे पोहोचले नाहीत. त्यांची कहाणी सीमाभागातील मराठी वाचकाला समजावून सांगावी लागणार नाही. १८४८ च्या तहाने मेक्सिकोचा उत्तरेकडील विस्तीर्ण प्रदेश अमेरिकेकडे गेला; तेथील माणसे होती तेथेच राहिली आणि देश बदलला. पुढे लाखो मजूर नवी सीमा ओलांडून त्यांच्यात मिसळले. १९५६ नंतरच्या बेळगावची आठवण यावी असे हे आहे, जरी दोहोंतील फरकही मोठे आहेत.

या लोकांच्या विज्ञानकथेचा एक आरंभ पुस्तकात सापडत नाही. सप्टेंबर १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातील डेलानो येथे द्राक्षमळ्यांतील मजुरांचा संप सुरू झाला. सेझार चावेझ हे त्याचे पुढारी, आणि ते श्रद्धावंत कॅथलिक. १९६६ च्या उपवासकाळात संपकरी डेलानोहून राजधानी सॅक्रामेंटोकडे चालत निघाले ते ग्वादालूपे मातेची पताका पुढे धरून, आणि पोहोचले ईस्टरच्या रविवारी. या संपातच लुईस वाल्देझ या तरुणाने ‘शेतकऱ्यांचे नाट्यगृह’ या अर्थाच्या स्पॅनिश नावाची नाटकमंडळी काढली. मळ्याच्या कडेला ट्रक उभा करायचा, त्याचा उघडा हौदा म्हणजे रंगमंच. नट संपकरी, प्रेक्षकही संपकरी. याच मंडळीचे ‘लॉस व्हेंडिडोस’, म्हणजे ‘विकले गेलेले’, हे छोटे नाटक १९६७ मधले.

नाटकाची कल्पना अशी. सांचो नावाच्या माणसाचे एक दुकान आहे, आणि त्यात मेक्सिकन माणसांचे नमुने विकायला ठेवले आहेत. गव्हर्नर रेगन यांच्या कार्यालयातून एक बाई येतात. त्यांचे आडनाव हिमेनेझ. पण त्यांचा आग्रह इंग्रजी वळणाने ‘जिमेनेझ’ म्हणण्याचा. त्यांना सरकारी समारंभात मिरवण्याजोगा एक मेक्सिकन हवा आहे. सांचो एकेक नमुना चालू करून दाखवतो. शेतमजूर: खर्च कमी, कोठेही झोपतो, हंगाम संपला की आपोआप जातो; पण त्याला इंग्रजी येत नाही आणि मधूनच संपाच्या घोषणा देतो. मग शहरी गुंड, मग क्रांतिकारक. शेवटी शिकलेला, सूटबूट घातलेला, भाषण करणारा नमुना निघतो; किंमत पंधरा हजार डॉलर. बाई पैसे मोजतात आणि तोच नमुना बिघडून त्यांच्या अंगावर घोषणा देत धावतो. बाई पळून जातात. मग कळते की ‘नमुने’ सारे जिवंत माणसे आहेत, ती पैसे वाटून घेतात. यंत्र आहे तो सांचो, दुकानदार. त्याला तेलपाणी करण्यासाठी उचलून नेतात.

हे नाटक विज्ञानकथा आहे काय, असा प्रश्न एखादा काटेकोर समीक्षक करील. त्यात विज्ञान नाही हे खरे. पण चापेकच्या नाटकातही फारसे नव्हते. माणसाकडे नमुना म्हणून, चालू-बंद करण्याची वस्तू म्हणून पाहणारी जी नजर, ती या नाटकाने यंत्राच्या रूपकातून पकडली. आणि ती पकडली ती अशा प्रेक्षकांपुढे, ज्यांना रूपक समजावून द्यावे लागत नव्हते. त्यांना रोज असेच निवडले जात होते. नारळीकरांच्या वाचकाला गणपतीच्या सोंडेवरून चौथ्या मितीकडे न्यावे लागते. वाल्देझच्या प्रेक्षकाला कोठेच न्यावे लागत नाही, तो आधीच तेथे आहे. दोन्ही रीती आपापल्या जागी योग्यच आहेत. परंतु दुसरी रीत मराठी विज्ञानकथेत जवळजवळ नाही.

चाकणला या कथेचा एक प्रतिध्वनी आहे आणि तो नेमका जुळत नाही, म्हणूनच सांगण्यासारखा आहे. डेलानोच्या संपानंतर दीड दशकाच्या आत, शरद जोशींनी आंबेठाणला राहून चाकणच्या बाजारपेठेतील कांदाउत्पादकांना संघटित केले. ते आंदोलन शेतमालाच्या भावासाठी होते. त्यातला शेतकरी जमिनीचा मालक होता. डेलानोच्या मजुराकडे जमीन नव्हती. पुढे चाकणच्या कितीतरी शेतांवर कारखाने उभे राहिले, आणि कांद्याच्या भावासाठी रस्त्यावर बसलेल्यांपैकी काहींची मुले कंत्राटी कामगार म्हणून त्याच रस्त्याने कंपनीच्या बसमधून जाऊ लागली. म्हणजे येथील माणूस डेलानोच्या मजुरापर्यंत एका पिढीने उशिरा पोहोचला. या पिढीची कथा मराठीत ग्रामीण साहित्यातही पुरती आली नाही, मग विज्ञानकथेची काय कथा!

पाण्याचेही तसेच. ॲलेक्स रिव्हेरा यांचा ‘स्लीप डीलर’ हा चित्रपट २००८ मधला. (रिव्हेरा चिकानो नव्हेत, त्यांचे वडील पेरूहून आलेले. पण चिकानो अभ्यासकांनी हा चित्रपट आपला मानला.) मेक्सिकोतील एका खेड्याची नदी कंपनीने धरण बांधून अडवली आहे, शेतकऱ्याला आपल्याच नदीचे पाणी विकत घ्यावे लागते, आणि धरणावर सशस्त्र पहारा आहे. नायकाचा बाप मारला जातो. मुलगा सीमेवरच्या शहरात येतो, अंगात तारा जोडण्याची छिद्रे पाडून घेतो आणि सीमेच्या अलीकडे उभा राहून पलीकडच्या देशातील रोबोट चालवतो. त्याची मेहनत सीमा ओलांडते. तो स्वतः ओलांडू शकत नाही. हे पाहताना मावळातील वाचकाला ९ ऑगस्ट २०११ आठवल्याशिवाय राहणार नाही. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडकडे बंद नळाने पाणी नेण्याच्या योजनेला विरोध करणारे शेतकरी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले आणि पोलिसांच्या गोळीबारात तीन जण मरण पावले. ज्या शहरासाठी ते पाणी होते, त्या शहरात आम्ही राहतो. ही सामग्री कोणा परदेशी दिग्दर्शकाने कल्पनेने उभी करावी आणि आपल्या लेखकांनी ती वृत्तपत्रात सोडून द्यावी, हे आम्हांला खटकते.

येथवर आम्ही चिकानो साहित्याचे गुणच सांगितले. पण सहृदय वाचक त्यांना सुखासुखी मिळाला असे कोणी समजू नये. एर्नेस्ट होगन हे पूर्व लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेले लेखक. आडनाव आयरिश, आईकडून चिकानो. त्यांची ‘कॉर्टेझ ऑन ज्युपिटर’ ही कादंबरी १९९० मध्ये आणि ‘हाय अ‍ॅझ्टेक’ १९९२ मध्ये मोठ्या प्रकाशनसंस्थेकडून आली. दोन्ही पुस्तके बाजारात फार काळ टिकली नाहीत. विज्ञानकथेच्या नेहमीच्या वाचकाला त्यांतील भित्तिचित्रे आणि जुने अ‍ॅझ्टेक देव परके वाटले. आणि चिकानो साहित्याचा जो वाचक होता, तो शेतमजुरांच्या कहाण्या, आत्मकथने, कविता यांत रमणारा, त्याला अंतराळयान परके वाटले. दोन ओसऱ्यांच्या मध्ये पुस्तक अंगणात पडून राहिले. पुढे विद्यापीठांतील चिकानो अभ्यासकेंद्रांनी ती उचलली. कॅथरीन रामिरेझ यांनी २००४ मध्ये या लेखनासाठी ‘चिकानाफ्युचरिझम’ ही संज्ञा वापरली, आणि २०१७ मध्ये ‘आल्तेरमुंडोस’ हा या साहित्यावरील मोठा लेखसंग्रह प्रसिद्ध झाला. लेखनापासून सहृदयापर्यंत पाव शतक गेले.

‘हाय अ‍ॅझ्टेक’ या कादंबरीबद्दल आमच्या वाचकांशी थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण तिचा विषय श्रद्धा आहे. काळ २०४५ चा. मेक्सिको शहराला पुन्हा तेनोच्तित्लान हे जुने नाव मिळाले आहे. एका विषाणूने माणसाच्या मेंदूत धर्मश्रद्धा भरता येते; ज्याला लागण झाली तो अ‍ॅझ्टेक देवांचा भक्त होतो. चित्रकथा लिहिणारा नायक या विषाणूचा वाहक बनतो, आणि मग निरनिराळ्या धर्मांचे विषाणू त्याच्या देहात एकत्र येतात. पात्रे जी बोली बोलतात ती स्पॅनिश आणि नाव्हाट्ल यांची खिचडी आहे. शेवटी शब्दकोश जोडावा लागला आहे. भाषेचे हे धाडस आम्हांला आवडले. पिंपरीच्या वर्कशॉपमध्ये फिटर, सेटर, जिग, ओव्हरटाइम आणि अहिल्यानगरी वळणाची मराठी यांची जी मिसळ चालते, तिला विज्ञानकथेत जागा का नसावी?

परंतु विषाणूची कल्पना कॅथलिक वाचकाला टोचणारच. श्रद्धा म्हणजे लागण, असे म्हणणाऱ्या कादंबरीकडे आपण कसे पाहावे? ती बाजूला सारणे सोपे आहे. आम्हांला वाटते, ती वाचावी आणि मग तिच्याशी वाद घालावा. होगन यांचा उपहास धर्मावर जितका आहे, त्याहून अधिक तो धर्म बळाने लादणाऱ्यांवर आहे. आणि ज्या भूमीत तलवारीच्या आडोशाने बाप्तिस्मा दिला गेला, तेथील लेखकाला तो अधिकार आहे. तथापि कादंबरी जेथे कमी पडते ते हे, की स्वातंत्र्यावाचून श्रद्धा ही श्रद्धाच नव्हे, हा विचार तिला शिवत नाही. विषाणूने आलेला विश्वास विश्वास नसतोच. तो आज्ञापालन असतो, यंत्राचे. नायकाच्या देहात सारे देव एकत्र नांदू लागतात याचा कादंबरीला आनंद होतो, पण त्यांपैकी एकालाही नायकाने निवडलेले नाही. वाल्देझच्या नाटकातील ‘नमुने’ अखेर आपण माणसे आहोत हे ठरवतात. होगनच्या नायकाला तशी संधी नाही. म्हणून अधिक चतुर असूनही ही कृती आम्हांला अधिक एकाकी वाटते.

ख्रिस्तसभेने श्रमाविषयी जे म्हटले आहे ते येथे आठवावे. पोप दुसरे जॉन पॉल यांच्या १९८१ सालच्या श्रमविषयक परिपत्रकात तंत्रज्ञान हे माणसाचे सहकारी आहे असे म्हणून लगेच बजावले आहे, की ते माणसाला हटवू लागले, त्याच्या कामातील समाधान हिरावू लागले, तर ते जवळजवळ शत्रू होते. ८ मे २०२५ रोजी निवडून आलेल्या पोप चौदावे लिओ यांनी आपले नाव घेताना तेरावे लिओ आणि त्यांचे १८९१ चे कामगारविषयक परिपत्रक यांचा उल्लेख केला, आणि आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेशी त्याचा संबंध जोडला. या परिपत्रकांवर आपल्याकडे प्रवचने होतात, शिबिरे होतात. कथा होत नाही. याचे एक कारण असे असावे, की मराठी ख्रिस्ती साहित्याने आपला वाचक श्रद्धावंत म्हणून पाहिला, कामगार म्हणून क्वचितच.

आपली परंपरा मात्र याहून धीट आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले तेव्हा मराठी ख्रिस्ती वाचक असा कोणी तयार नव्हता. होता तो पुराणाचा श्रोता. ओवी ऐकण्याची त्याच्या कानाची सवय ओळखून एका इंग्रज जेझुइटाने सुमारे अकरा हजार ओव्या रचल्या. वाचक नाही म्हणून तो थांबला नाही. श्रोत्याच्या कानात जे आधीच होते, तेथून त्याने सुरुवात केली. अलीकडचे उदाहरण हवे असेल तर गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ त्रैमासिक पाहावे. दलित लेखकाला लेखक आणि दलित वाचकाला वाचक म्हणून एकमेकांसमोर बसवण्याचे काम त्या त्रैमासिकाने केले.

आणि वाल्देझला जे ट्रकच्या हौद्यावर सापडले, ते महाराष्ट्रात त्याआधीच सापडलेले होते. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढले. गिरणगावात, चाळींच्या मधल्या मोकळ्या जागांत, अण्णा भाऊंची लोकनाट्ये कामगारांपुढे होत. तमाशाची चौकट प्रेक्षकांच्या ओळखीची, विषय त्यांच्या पगाराचा. या रंगमंचावर भविष्यकाळ आला तो क्रांतीच्या स्वप्नाच्या रूपाने. यंत्र आले ते गिरणीच्या भोंग्याच्या रूपाने. विज्ञानकथा त्याच्याकडे कधी गेली नाही, आणि तो विज्ञानकथेकडे गेला नाही. अण्णा भाऊ १९६९ मध्ये गेले, ‘कृष्णविवर’ १९७४ मध्ये आली. मराठीत एका बाजूला कामगार प्रेक्षक होता, दुसऱ्या बाजूला भविष्याची कल्पना होती, आणि दोहोंची गाठ पडली नाही. चिकानो साहित्याकडून आपल्याला घेण्यासारखे काही असेल तर ते गाठ बांधण्याचे हे तंत्र.

आमच्या ओळखीच्या काही तरुण मंडळींनी ‘लॉस व्हेंडिडोस’ मराठीत आणावे, अशी आमची इच्छा आहे. रूपांतर अवघड नाही. सांचोचे दुकान म्हणजे मनुष्यबळ पुरवणाऱ्या ठेकेदाराचे कार्यालय. नमुने: आयटीआय झालेला ट्रेनी, ज्याला सात महिन्यांनी ‘ब्रेक’ द्यायचा, बिहारहून आलेला हेल्पर, ज्याला मराठी येत नाही हा गुण म्हणून सांगायचा, विदर्भातून आलेली, लाईनवर स्त्रियांचे प्रमाण वाढवण्यासाठी हवी असलेली मुलगी, आणि शेवटी, पाहुण्यांना कारखाना दाखवताना इंग्रजी बोलणारा, परमनंट होण्याची आशा न सोडलेला डिप्लोमाधारक. खरेदीला येणाऱ्या बाईंचे आडनावही मराठीच असावे, फक्त त्यांनी ते इंग्रजी वळणाने उच्चारावे. देहू आणि आळंदी यांच्या मध्ये हा प्रयोग व्हायचा असल्याने भिंत चालवणाऱ्या आणि रेड्यामुखी वेद वदवणाऱ्या ज्ञानेश्वरांची एखादी कोटीही त्यात येईल; या भूमीतल्या प्रेक्षकाला निर्जीव वस्तू चालू लागण्याचे नवल फार पूर्वीपासून आहे.

अडचण एकाच ठिकाणी येते. मूळ नाटकात शेवटी यंत्र निघतो तो दुकानदार. चाकणच्या प्रयोगात ठेकेदारच यंत्र निघाला, तर टाळ्या पडतील. पण प्रेक्षकांतील अनेकांना ठाऊक आहे, की ठेकेदार बहुधा त्यांच्याच गावचा, कधी त्यांच्याच भावकीतला, आणि त्याची जमीनही त्याच कारखान्याखाली गेलेली. त्याला चालू-बंद करणारा हात कोणाचा, हे दाखवणारे पात्र मूळ संहितेत नाही. ते मराठी लेखकाला स्वतः लिहावे लागेल.